शुक्र, मंगळ आणि आपले पांघरूण

(आपल्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून.)



दरवर्षी या संध्याकाळी आपण बाहेरून एखादा विद्वान वक्ता बोलावतो. यंदा ग्वाल्हेरहून येणाऱ्या पाहुण्यांची प्रकृती बरी नाही, असा निरोप परवा आला. अध्यक्षांनी मला प्लॅटफॉर्मवरच गाठले आणि म्हणाले, "तुमच्या रविवारच्या वर्गाबद्दल बोला. तेवढीच पाऊण तासाची सोय होईल." तेव्हा मी विद्वान म्हणून नव्हे, राखीव गाडी म्हणून उभा आहे, हे लक्षात असू द्यावे.

माझे शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. अकोल्याकडचा माणूस, भरती झाली आणि झाशीला आलो. बावीस वर्षे पी-वेमध्ये, म्हणजे रुळावर, काढली. ग्रह-ताऱ्यांशी संबंध एवढाच, की रात्रीच्या ब्लॉकमध्ये काम करताना ते डोक्यावर असतात.

कोविडनंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा आपल्या मुलांचा अभ्यास फार मागे पडला होता. म्हणून २०२२ साली याच सभागृहात रविवारी सकाळी दहा वाजता विज्ञानाचा वर्ग सुरू केला. सहावी ते दहावीची बारा-पंधरा मुले येतात. शाळेत कुणी हिंदीतून शिकते, कुणी इंग्रजीतून. मराठी घरात आणि गणपतीत. मी ठरवले की रविवारचे दोन तास मराठीत बोलायचे. पहिल्याच महिन्यात 'हरितगृह वायू' हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा एका मुलाने विचारले, "काका, हिरव्या रंगाच्या घरातला गॅस का?" तिथून माझे शिकणे सुरू झाले. आज मी सांगणार आहे ते मुलांना काय शिकवले यापेक्षा मुलांना शिकवताना मी कुठे चुकलो, याबद्दल जास्त आहे.

सुरुवात मी चंद्रापासून केली. चंद्र आणि पृथ्वी सूर्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. एकाच गल्लीतली दोन घरे म्हणा. दोघांच्या अंगणात ऊन सारखेच पडते. तरी चंद्राच्या विषुववृत्तावर भर दुपारी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान जाते आणि रात्री ते उणे १३० च्याही खाली उतरते. चंद्राचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा लांब असतो, हे एक कारण. पण मोठे कारण हे की त्याला हवाच नाही. आपल्या चांद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरून चंद्राच्या मातीत तापमापक खुपसला. वर पन्नास अंशांहून अधिक आणि केवळ आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. वीतभरही खोली नाही आणि साठ अंशांचा फरक! मुलांनी हे ऐकले तेव्हा वर्गात पहिल्यांदा शांतता पसरली.

मग पृथ्वीचा हिशेब मांडला. सूर्याचे जेवढे ऊन पृथ्वी पचवते, तेवढीच उष्णता ती अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत टाकते. हवेने ही उष्णता अडवलीच नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश राहिले असते. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. हे ३३ अंश म्हणजे आपल्या अंगावरचे पांघरूण. ते नसते तर बेतवा नदी बाराही महिने गोठलेली असती. म्हणून मी मुलांना पहिली गोष्ट ही सांगतो, की हरितगृह परिणाम हा राक्षस नाही. त्याच्या कृपेनेच आपण इथे मोदक खात बसलो आहोत. पांघरूण हवेच, प्रश्न ते किती जाड, हा आहे.

इथे आपल्या खात्यातला एक दाखला देतो. हिवाळ्यात, जानेवारीच्या पहाटे, रूळ आखडतो. जोडरूळ एकसंध असल्यामुळे त्याला प्रत्यक्ष आखूड होता येत नाही, त्यामुळे आत ताण वाढतो आणि एखादे कच्चे वेल्ड त्या वेळी तुटते. म्हणून आपण थंडीची रात्रगस्त ठेवतो. मी नवा होतो तेव्हा एका म्हाताऱ्या पेट्रोलमनबरोबर चाललो होतो. आभाळाकडे बघून तो म्हणाला, "साहब, आज बादल हैं, पटरी नहीं टूटेगी." मला वाटले, अनुभवाची गोष्ट आहे, चालायचेच. पुढे मी नोंदवहीत लिहू लागलो. निरभ्र रात्री पहाटे रुळावरचा तापमापक हवेपेक्षा दोन-तीन अंश कमी दाखवी. ढगाळ रात्री रूळ आणि हवा जवळपास सारखीच. रूळ नुसता हवेमुळे गार होत असता, तर तो हवेहून गार कसा झाला असता? तो आभाळाकडे उष्णता फेकत असतो. वर ढग असले, हवेत बाष्प असले, की त्यातली बरीचशी परत येते. त्या पेट्रोलमनला अवरक्त किरण हा शब्द ठाऊक नव्हता, पण हरितगृह परिणाम त्याच्या अंगाला ठाऊक होता. हा दाखला मी वर्गात सांगितला, तेव्हा ज्यांचे वडील ट्रॅक मेंटेनर आहेत ती दोन मुले ताठ बसली. शिकवणाऱ्याला अशा वेळी जे मिळते, ते पगारात मिळत नाही.

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो.

मुलांना प्रयोग हवा असतो. पुस्तकांतून, चित्रफितींतून एक प्रयोग सगळीकडे दाखवतात. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत साधी हवा ठेवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून कार्बन डायऑक्साइड तयार करा. दोन्हींत तापमापक सोडा आणि दोन्हींवर दिवा लावा. वीस मिनिटांनी कार्बन डायऑक्साइडची बाटली अधिक तापलेली दिसते. आम्ही तो प्रयोग केला. दोन अंशांचा फरक आला. टाळ्या पडल्या. नववीतल्या एका मुलीने तोच प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला आणि दुसरे बक्षीस मिळवले. पेढे घेऊन ती आमच्या क्वार्टरवर आली होती.

पुढे माझ्या भाच्याशी फोनवर बोलणे झाले. तो पुण्यात भौतिकशास्त्र शिकवतो. मी मोठ्या अभिमानाने प्रयोग सांगितला. तो म्हणाला, "मामा, उत्तर बरोबर आले, पण कारण चुकीचे आहे." २०१० साली अमेरिकेतल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी हा प्रयोग नीट तपासला होता. त्यांनी कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन वायू भरून पाहिला. आर्गॉन अवरक्त किरण मुळीच अडवत नाही, तरी तापमान तसेच वाढले. कारण दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. ते तळाशी बसून राहतात, वरच्या गार हवेशी मिसळत नाहीत, म्हणून उष्णता आत कोंडते. बाटलीत फरक पडतो तो मुख्यतः या वजनामुळे. एवढ्याशा बाटलीत उष्णता अडवण्याचा भाग फार किरकोळ असतो. खऱ्या पृथ्वीवर तोच भाग महत्त्वाचा, कारण तिथे वायूचा थर कित्येक किलोमीटर जाड आहे.

भाच्याने आणखी एक सांगितले. 'हरितगृह' हे नावच थोडे फसवे आहे. काचेचे घर उबदार राहते ते प्रामुख्याने आतली गरम हवा वर निघून जात नाही म्हणून. आर. डब्ल्यू. वुड या शास्त्रज्ञाने १९०९ सालीच हे दाखवले होते. वातावरण हवा कोंडत नाही, किरण अडवते. तेव्हापासून मी वर्गात 'पांघरूण' म्हणतो. तेही तंतोतंत नाही, पण हिरव्या घरापेक्षा बरे.

मंडळी, त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. रुळात आपण चूक केली तर ती कागदावर येते, चौकशी होते. वर्गात चूक केली तर कुणाला कळतही नाही. मुलीला बक्षीस मिळाले होते, शाळा खूश होती, आईवडील खूश होते. मी गप्प बसलो असतो तर काहीच बिघडले नसते. सौ. म्हणाली, "ज्या मुलांना तुम्ही रोज खरे बोला म्हणून सांगता, त्यांच्यासमोर गप्प कसे बसणार?" पुढच्या रविवारी मी मुलांना सगळे सांगितले. त्या मुलीचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तिने विचारले, "काका, मग मी मॅडमना सांगू का?" मी म्हटले, ते तू ठरव. तिने सांगितले. बाईंनी तिला वर्गासमोर उभे करून 'उत्तर बरोबर, कारण चूक' हे दहा मिनिटे समजावायला लावले. बक्षीस कुणी परत मागितले नाही. माझ्या मते ते तिने त्या दिवशी खरे कमावले.

याच ओघात मुलांना मी जुन्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते हे नोंदवले. अशा वायूचे वातावरण असेल तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, हेही त्यांनी लिहून ठेवले. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, जॉन टिंडल यांनी इंग्लंडमध्ये उपकरण बांधून खुद्द उष्णतेचे किरणच मोजले आणि नायट्रोजन-ऑक्सिजन ते जाऊ देतात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ते शोषतात, हे सिद्ध केले. १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हातानेच हिशेब केला. फूटबाईंच्या नळ्या आणि आमच्या बाटल्या एकाच जातीच्या. दिशा बरोबर दाखवली, पण पक्के मोजमाप टिंडलसाहेबांनी केले.

बाटलीच्या जागी आता आम्ही दुसरा प्रयोग करतो, तो आपल्या कॅरेज-वॅगनच्या मित्रांमुळे. ॲक्सल बॉक्स तापला का हे बघायला लांबून धरायचे जे तापमापक पिस्तूल असते, ते आम्ही रात्री आभाळाकडे रोखतो. निरभ्र रात्री त्यावर शून्याच्या बऱ्याच खालचा आकडा येतो. ढगावर रोखले की आकडा झर्रकन वर चढतो. म्हणजे ढग आपल्याकडे उष्णता पाठवतो आहे, हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. (कोविडच्या काळात घरोघरी आलेले कपाळाचे यंत्र यासाठी चालत नाही, त्यावर नुसते 'लो' येते.) मात्र मी लगेच सांगतो, की हे पिस्तूल ज्या किरणांवर चालते, त्यांत मुख्यतः बाष्प आणि ढगच दिसतात, कार्बन डायऑक्साइड जवळपास दिसत नाही. जे दाखवले तेवढेच सिद्ध झाले, असे म्हणायची सवय आम्ही लावून घेतली आहे.

आता शुक्र आणि मंगळ.

शुक्र सूर्याच्या जवळ, म्हणून तापलेला, असे मुले पटकन म्हणतात. मी म्हणतो, हिशेब करा. पृथ्वीवर १०० भाग ऊन पडते तेव्हा शुक्रावर सुमारे १९० भाग पडते. पृथ्वी त्यातले ३० परत फेकते आणि ७० ठेवते. शुक्राचे पांढरे ढग तीन चतुर्थांश ऊन परत फेकतात, म्हणजे ठेवलेले ५० च्याही आत. उत्पन्न पृथ्वीपेक्षा कमी, तरी शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान ४६० अंशांच्या वर! शिसे ३२७ अंशांना वितळते. बुध सूर्याच्या त्याहून जवळ, तरी शुक्र त्याच्यापेक्षा गरम, आणि तोही दिवसरात्र सारखाच. कारण शुक्राची हवा ९६ टक्के कार्बन डायऑक्साइडची आहे आणि तिचा दाब आपल्या ९२ पट आहे. १९८२ साली सोव्हिएत रशियाचे व्हेनेरा-१३ हे यान तिथे उतरले. ते १२७ मिनिटे तग धरून राहिले, आणि तेवढ्यालाही मोठे यश मानले गेले. आपल्या सरकारने २०२४ साली शुक्राभोवती फिरणाऱ्या भारतीय यानाला मंजुरी दिली आहे. ते जाईल तेव्हा आजची ही मुले कॉलेजात असतील.

त्यानंतर मी मंगळ सांगितला. त्याची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची, तरी सरासरी तापमान उणे ६० च्या खाली. असे का? मी म्हणालो, "हवा फार विरळ आहे, दाब आपल्या एक टक्क्यापेक्षाही कमी, म्हणून पांघरूण पातळ." सगळ्यांनी वहीत लिहून घेतले. मीही समाधानाने घरी आलो.

पुढच्या रविवारी तीच प्रदर्शनवाली मुलगी वही घेऊन समोर उभी. "काका, मी गणित केले. बरोबर आहे का बघा." दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, हे आठवीत शिकवतात. पृथ्वीवर एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे दहा टन हवा उभी आहे. त्यातला कार्बन डायऑक्साइड साधारण साडेसहा किलो. मंगळावर दाब ६१० पास्कल, गुरुत्वाकर्षण आपल्या ०.३८ पट. भागाकार केला की एक चौरस मीटरवर सुमारे १६५ किलो हवा येते, आणि त्यातला दीडशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दर चौरस मीटरला मंगळावर आपल्यापेक्षा वीस पटींहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. "मग काका, पांघरूण पातळ कुठे आहे? आपल्यापेक्षा जाडच आहे की!"

मी वही दोनदा तपासली. गणित बरोबर होते. वर्गात बारा मुले माझ्याकडे बघत होती. डिप्लोमाला हे शिकवत नाहीत, हे तेव्हा सांगून भागणार नव्हते. मी म्हटले, "मला उत्तर येत नाही. दोन आठवडे दे." हे म्हणायला जीभ जड झाली, खोटे कशाला बोलू? सूर्य लांब असल्यामुळे मंगळ गार आहेच. पण प्रश्न पांघरुणाचा होता. पृथ्वीचे पांघरूण ३३ अंशांचे, आणि वीस पट माल असूनही मंगळाचे जेमतेम पाच अंशांचे. का?

पुन्हा भाचा कामाला आला. उत्तर मला समजले तसे सांगतो. घरातली जुनी दुलई आठवा. आतला कापूस तेवढाच असतो, पण गोळे झालेले असतात. गोळ्यांच्या मधून गार वारा आत शिरतो. तीच पिंजाऱ्याकडून पिंजून आणली की कापूस फुलतो, फटी भरतात आणि त्याच कापसात ऊब येते. कार्बन डायऑक्साइड सगळेच किरण अडवत नाही, ठराविक बारीक रेषांतलेच अडवतो. पृथ्वीवर हवेचा दाब भरपूर, त्यामुळे रेणू सतत एकमेकांवर आणि नायट्रोजन-ऑक्सिजनवर आपटतात. त्या धक्क्यांनी या रेषा रुंद होतात, शेजारच्या रेषांना भिडतात आणि फटी बुजतात. शिवाय उरलेल्या मोठ्या खिडक्यांपैकी बऱ्याचशा पाण्याची वाफ अडवते. मंगळावर दाब नाही, धक्के नाहीत, रेषा सुईसारख्या बारीक राहतात आणि वाफही जवळजवळ नाही. कापूस पुष्कळ, पण गोळे झालेला. शुक्रावर ९२ पट दाब. तिथे कापूस असा पिंजला गेला आहे की फट म्हणून उरलेली नाही, आणि वर गंधकाम्लाच्या ढगांची चादर.

म्हणजे आपला नायट्रोजन स्वतः उष्णता अडवत नाही, पण अडवणाऱ्याचा हात बळकट करतो. हे मी सांगितले तेव्हा त्या मुलीने वहीत दुलईचे चित्र काढले. माझ्या आधीच्या अर्ध्या उत्तरावर काट मारून खाली नवे उत्तर लिहिले, आणि तारीखही घातली. आपल्या मेजरमेंट बुकात चुकीवर काट मारून सही करतात, खाडाखोड करत नाहीत, तसेच.

पालकांचाही एक प्रश्न नेहमी येतो. "हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती? दहा हजार कणांत चार! ते काय करणार?" त्यांना मी आपल्याच भाषेत सांगतो. फलाटावर दहा हजार प्रवासी आहेत आणि चार तिकीट तपासनीस. प्रवासी कितीही असोत, तिकीट तपासणारे ते चारच. नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन हे सगळे प्रवासी. तपासनीस चाराचे पाच झाले की विनातिकीट सुटणारे कमी होणारच. औद्योगिक युगाआधी हे तपासनीस दहा लाखांत २८० होते. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते. आज ४२० च्या वर आहेत. बाष्प यापेक्षा जास्त उष्णता अडवते हे खरे, पण ते आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन पडते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे मुक्काम करतो. हवा तापली की तिच्यात बाष्पही जास्त मावते. म्हणून किल्ली या चौघांच्या हातात आहे.

मुलांचा शेवटचा प्रश्न असतो, "मग पृथ्वीचा शुक्र होणार का?" मी घाबरवत नाही आणि थापही मारत नाही. आपल्या कोळशा-तेलाने पृथ्वीचा शुक्र होणार नाही, त्यासाठी लागणारी हवा फार वेगळी. पण शुक्र व्हायची वाट कशाला बघायची? १८५०–१९०० च्या तुलनेत २०२४ साल सुमारे दीड अंशाने गरम होते. दीड अंश म्हणजे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी मार्च २०२२ आठवावा. १९०१ पासूनच्या नोंदींत भारताचा तो सर्वांत उष्ण मार्च होता. ऐन दाणा भरताना उत्तरेतला गहू होरपळला आणि मे महिन्यात सरकारला निर्यात थांबवावी लागली. रुळावरच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. एक किलोमीटर रूळ दर अंशाला एक सेंटिमीटरहून जास्त वाढू बघतो. आपण डी-स्ट्रेसिंगचे तापमान ठरवतो ते जुन्या नोंदी बघून, आणि त्या नोंदीच सरकू लागल्या आहेत.

एक प्रसंग सांगून थांबतो. वर्गातल्या सातवीच्या एका मुलाचे वडील लोको पायलट आहेत, मालगाडीवर. एका रविवारी सगळे गेल्यावर तो मागे थांबला आणि खाली बघत म्हणाला, "काका, बाबा कोळशाची गाडी चालवतात. ते वाईट काम करतात का?"

मंडळी, आपल्या मालवाहतुकीत जवळपास निम्मे वजन कोळशाचे असते. तुमच्या-माझ्या पगारात तो आहे. या सभागृहातल्या पंख्यात आणि बाप्पाच्या आरासीत तो आहे. मी त्या मुलाला म्हटले, "तुझ्या बाबांनी गाडी चालवली नाही तर आज दवाखान्यात दिवा लागणार नाही. ते चांगले काम करतात. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, म्हणून तेवढेच वजन ट्रकने न्यायला जितके इंधन लागते त्यापेक्षा कितीतरी कमी त्यांना लागते. आता आपले ब्रॉडगेज मार्ग जवळजवळ सगळे विजेवर आले आहेत. ती वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. ती कशापासून करायची, हे तुझी पिढी ठरवील, म्हणून तर शिकायचे." त्याने मान हलवली. पूर्ण पटले की नाही, मला माहीत नाही. मलाही हे उत्तर पुरते वाटत नाही. पण त्यात खोटे काही नव्हते.

आपण आपल्या गावापासून लांब येऊन राहिलो. मुलांना इथे शेत नाही, वाडा नाही. त्यांच्या हाती आपण देणार काय? माझ्या मते, खरे विचारायची सवय आणि 'मला माहीत नाही, शोधून सांगतो' म्हणायची हिंमत. घरी मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर "मार्कांपुरते कर" म्हणून गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर वही घेऊन बसा. गणित त्याचे बरोबर निघाले तर तसे त्याला सांगा.

ती मुलगी समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेतलेले तिला आवडणार नाही. पण तिने परवा नवा प्रश्न आणला आहे, शनीच्या टायटन नावाच्या चंद्राच्या हवेबद्दल. मी पुन्हा दोन आठवड्यांची मुदत घेतली आहे.

रविवारच्या वर्गाला अजून दोन शिक्षक हवे आहेत. निवृत्त मंडळींनी मनावर घ्यावे. आणि कॅरेज-वॅगनच्या मित्रांनी ते पिस्तूल आणखी एक रात्र उधार द्यावे, एवढी विनंती करून मी माझे चार शब्द संपवतो.

आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!